स्फोटजन्य मेंदूइजा आणि संरक्षक शिरस्त्राण

स्फोटजन्य मेंदूइजा म्हणजे स्फोटातून निघणारी दाबलहर, उडणारे तुकडे, शरीर आपटणे अथवा विषारी वायू यांमुळे मेंदूला होणारी इजा होय. ही इजा टाळण्यासाठी किंवा तिची तीव्रता कमी करण्यासाठी डोक्यावर घातल्या जाणाऱ्या साधनास संरक्षक शिरस्त्राण (हेल्मेट) म्हणतात. शिरस्त्राण उडणारे तुकडे, पडणारे दगड आणि आपटणे यांपासून चांगले संरक्षण देते. दाबलहरीपासून मात्र त्याने मिळणारे संरक्षण अपुरे असते. त्यामुळे स्फोटापासूनचे अंतर व भक्कम आडोसा हे संरक्षणाचे पहिले उपाय आणि शिरस्त्राण हा शेवटचा उपाय मानला जातो.

हा विषय प्रामुख्याने युद्धवैद्यकात अभ्यासला गेला असला, तरी त्याचा संबंध केवळ रणभूमीशी नाही. खानदेशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांत आयुध निर्माणी, रासायनिक कारखाने, दगडखाणी आणि विहिरी खोदताना लावले जाणारे सुरुंग यांमुळे नागरी जीवनातही स्फोटाचा धोका संभवतो. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी झालेला रासायनिक कारखान्यातील स्फोट हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

## स्फोटलहरीचे स्वरूप

स्फोटक पदार्थाचे अत्यल्प काळात तप्त वायूत रूपांतर होते. हा वायू वेगाने प्रसरण पावून सभोवतालची हवा दाबतो व त्यातून दाबलहर तयार होते. सर्वसाधारण तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. स्फोटलहर आरंभी याहून अधिक वेगाने पुढे सरकते. लहर पोहोचताच त्या ठिकाणचा दाब एकदम वाढतो, काही मिलिसेकंदांत ओसरतो आणि क्षणभर वातावरणीय दाबाच्याही खाली जातो. तिच्यामागोमाग हवेचा जोरदार झोत येतो.

अंतर वाढत जाते तसा दाब झपाट्याने कमी होतो. स्फोटकाचे वजन आठपट झाले, तर तेवढाच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो. म्हणजेच उघड्यावर १ किलोग्रॅम स्फोटकाचा दहा मीटरवर जो दाब असेल, साधारण तोच दाब ८ किलोग्रॅम स्फोटकाचा वीस मीटरवर असतो. यामुळे काही पावले मागे सरकण्यालाही मोठे महत्त्व आहे.

हा नियम मोकळ्या जागेपुरता आहे. भिंतीवर आदळून लहर परावर्तित होते व भिंतीलगतचा दाब दुपटीहून अधिक होऊ शकतो. खोली, बोगदा, वाहन किंवा विहीर अशा बंदिस्त जागेत लहर पुनःपुन्हा परावर्तित होते आणि दाब अधिक काळ टिकतो. त्यामुळे मोकळ्या शेतात सौम्य ठरणारा स्फोट बंदिस्त जागेत प्राणघातक ठरू शकतो.

## इजांचे वर्गीकरण

स्फोटामुळे होणाऱ्या इजा कारणांनुसार चार प्रकारांत विभागल्या जातात.

* प्राथमिक इजा – केवळ दाबलहरीमुळे होणारी. कानाचा पडदा, फुप्फुसे व आतडी या हवा असलेल्या अवयवांना ती प्रामुख्याने होते. कानाचा पडदा सुमारे ३५ किलोपास्कल अतिरिक्त दाबाला फाटू शकतो. फुप्फुसांच्या इजेसाठी याहून बराच अधिक दाब लागतो.
* द्वितीयक इजा – धातूचे तुकडे, काचा, दगडाच्या कपच्या व इतर उडणाऱ्या वस्तू लागल्यामुळे होणारी.
* तृतीयक इजा – शरीर फेकले जाऊन आपटल्यामुळे किंवा भिंत व छप्पर अंगावर कोसळल्यामुळे होणारी.
* चतुर्थक इजा – भाजणे, धूर व विषारी वायू श्वासावाटे जाणे इत्यादी.

मेंदूला या चारही मार्गांनी इजा होऊ शकते. प्रत्यक्ष दुर्घटनेत एकाच व्यक्तीस दोन किंवा अधिक प्रकारच्या इजा एकत्रितपणे झालेल्या आढळतात. शिरस्त्राणाचा उपयोग मुख्यत्वे द्वितीयक व तृतीयक इजांविरुद्ध होतो.

## मेंदूवरील परिणाम

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १.३ ते १.४ किलोग्रॅम वजनाचा असून तो कवटीच्या आत मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगत असतो. डोके आपटले असता कवटी थांबते, परंतु मेंदू क्षणभर पुढे सरकत राहतो. या हालचालीत मज्जातंतू ताणले जातात व सूक्ष्म रक्तवाहिन्या फाटतात.

डोके कशावरही आदळले नसताना केवळ दाबलहरीमुळे इजा कशी होते, याविषयी एकाहून अधिक स्पष्टीकरणे दिली जातात. लहर कवटीतून थेट मेंदूत शिरते, हे एक. कवटी दाबाखाली किंचित वाकून पूर्ववत होते व त्यामुळे आतील ऊतींवर ताण येतो, हे दुसरे. छातीवरील दाब रक्तवाहिन्यांमार्फत मेंदूपर्यंत पोहोचतो, हे तिसरे. यांपैकी तिसरे कारण लागू असेल, तर केवळ डोके झाकून संरक्षण पुरे होणार नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेतील शॅरन शायव्हली, डॅनियल पर्ल व सहकाऱ्यांनी स्फोटाला सामोरे गेलेल्या मृत सैनिकांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूतील करडे द्रव्य व श्वेत द्रव्य यांची सीमा, रक्तवाहिन्यांभोवतीचा भाग आणि द्रवाने भरलेल्या पोकळ्यांचे काठ अशा भिन्न घनतेच्या ऊती एकमेकींना भिडतात त्या जागी व्रणासारखे बदल त्यांना आढळले. नेहमीच्या आघातजन्य इजेत दिसणाऱ्या नमुन्याहून हा नमुना वेगळा होता.

सौम्य इजेत डोकेदुखी, चक्कर, कानात आवाज, झोप न लागणे, विस्मरण, एकाग्रतेचा अभाव व चिडचिड ही लक्षणे दिसतात. बाहेरून जखम नसल्याने ती बऱ्याचदा भीतीचा किंवा धक्क्याचा परिणाम समजली जातात व रुग्ण तपासणीविना घरी परततो. ८ जानेवारी २०२० रोजी इराकमधील अल-असद हवाई तळावर क्षेपणास्त्रे पडली, तेव्हा कोणीही जखमी नसल्याचे आरंभी सांगण्यात आले होते. पुढील काही आठवड्यांत तेथील शंभराहून अधिक अमेरिकी सैनिकांना मेंदूइजा झाल्याचे निदान झाले.

## शिरस्त्राणाचा इतिहास

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी बहुतेक सैनिक कापडी किंवा चामडी टोप्या घालून लढत होते. खंदकांवर फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांमुळे डोक्याच्या जखमांचे प्रमाण वाढले. १९१५ मध्ये फ्रान्सने आद्रियाँ शिरस्त्राण व ब्रिटनने ब्रॉडी शिरस्त्राण वापरात आणले. जर्मनीने १९१६ मध्ये मान व कान झाकणारे पोलादी शिरस्त्राण स्वीकारले. या सर्वांचा उद्देश तुकडे थोपवणे हा होता. दाबलहरीचा विचार त्यांत नव्हता.

त्याच काळात, १९१५ मध्ये, ब्रिटिश वैद्य चार्ल्स मायर्स यांच्या लेखामुळे ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात रूढ झाली. अंगावर जखम नसताना स्मृती, दृष्टी तसेच गंध व चव यांची संवेदना गमावलेल्या सैनिकांचे वर्णन त्यात होते. ही व्याधी मेंदूच्या इजेमुळे होते की मानसिक आघातामुळे, हा वाद तेव्हा सुरू झाला व आजही पूर्णतः मिटलेला नाही.

१९८० च्या दशकात पोलादाऐवजी ॲरामिड तंतूंचे थर देऊन केलेली शिरस्त्राणे आली. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत सुधारित स्फोटके (आयईडी) मोठ्या प्रमाणावर वापरली गेल्यानंतर शिरस्त्राण व दाबलहर यांच्या परस्परसंबंधाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

## शिरस्त्राण व दाबलहर

२००९ मध्ये विल्यम मॉस व सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपाच्या आधारे दाखवले की, शिरस्त्राण व डोके यांमध्ये मोकळी फट असेल, तर लहर कडेखालून आत शिरते आणि कवटीवरील दाब काही ठिकाणी वाढतो. फट गादीने भरली, तर आत शिरणारी लहर अडते; पण गादी फार कडक असेल, तर शिरस्त्राणाच्या कवचाची हालचाल तिच्यातून डोक्यापर्यंत पोहोचते.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात शैलेश गणपुले, लिन्शिया गू, एरॉन अलाई व नामस चंद्र यांनी याच प्रश्नावर काम करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिरस्त्राणाखाली शिरलेले लहरीचे प्रवाह स्फोटाच्या विरुद्ध बाजूस एकत्र येतात व तेथे दाब वाढतो, असे त्यांत दिसून आले. गणपुले पुढे रुडकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापक झाले.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील २०१० च्या अभ्यासात, समोरून येणाऱ्या लहरीविरुद्ध तत्कालीन शिरस्त्राणाने मेंदूवरील ताणात फारशी घट होत नसल्याचे आढळले. लहर उघड्या चेहऱ्यावाटे आत शिरत होती. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल जोडल्यास हा ताण लक्षणीयरीत्या कमी होतो, असे त्या प्रारूपात दिसले.

२०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी पहिल्या महायुद्धातील तीन शिरस्त्राणे व एक आधुनिक शिरस्त्राण यांची तुलना केली. डोक्याच्या वरच्या बाजूने येणाऱ्या लहरीविरुद्ध फ्रेंच आद्रियाँ शिरस्त्राणाने माथ्यावरील दाब आधुनिक शिरस्त्राणापेक्षाही अधिक कमी केला. त्याच्या माथ्यावरील उभ्या पट्टीमुळे लहर बाजूला वळत असावी, असे संशोधकांनी सुचवले. आधुनिक शिरस्त्राण गोळी व तुकडे थोपवण्यात निर्विवादपणे सरस आहे. परंतु त्या गुणावरून दाबलहरीविरुद्धची क्षमता ठरत नाही, हे या प्रयोगातून स्पष्ट झाले.

## शिरस्त्राणांचे प्रकार

औद्योगिक सुरक्षा शिरस्त्राण – कारखाने, खाणी व बांधकामांवर वापरले जाणारे प्लॅस्टिकचे शिरस्त्राण. भारतीय मानक आयएस २९२५ नुसार त्याची निर्मिती होते. आतील पट्ट्यांच्या जाळीमुळे कवच व डोके यांत अंतर राहते आणि वरून पडणाऱ्या वस्तूचा धक्का विभागला जातो. दाबलहरीसाठी ते बनवलेले नसते. हनुवटीचा पट्टा बांधलेला नसल्यास स्फोटाच्या झोताने ते उडून जाते व त्यानंतरच्या आपटण्यापासून संरक्षण उरत नाही.

दुचाकीस्वाराचे हेल्मेट – आयएस ४१५१ या मानकाचे. त्यातील फोमचा थर एका मोठ्या आघातात दाबला जाऊन ऊर्जा शोषतो. वेगाने येणारे धातूचे तुकडे थोपवण्यासाठी ते बनवलेले नसते.

सैनिकी शिरस्त्राण – ॲरामिड किंवा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीन तंतूंच्या थरांचे. वजन साधारण दीड किलोग्रॅमच्या आसपास.

बॉम्बनाशक पथकाचे शिरस्त्राण – संपूर्ण चेहरा झाकणारी जाड पारदर्शक ढाल, श्वासासाठी हवेची सोय व श्रवणसंरक्षण असलेले. ते संपूर्ण अंगभर पोशाखासह वापरले जाते. पोशाखाचे एकूण वजन ३० किलोग्रॅमहून अधिक भरत असल्याने तो फार काळ घालून काम करता येत नाही.

## खानदेशातील संदर्भ

### आयुध निर्माणी

जळगाव जिल्ह्यात भुसावळ (स्थापना १९४९) व वरणगाव (स्थापना १९६४) या दोन आयुध निर्माणी आहेत. वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या गोळ्या, तर भुसावळ येथे दारूगोळ्यासाठी लागणारी पात्रे व वेष्टने बनतात. आयुध निर्माणी मंडळाच्या पुनर्रचनेनंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून वरणगाव निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे व भुसावळ निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली.

स्फोटके हाताळणाऱ्या कारखान्यांच्या रचनेत अंतराचे तत्त्व मूलभूत असते. इमारती एकमेकींपासून दूर ठेवल्या जातात, त्यांच्याभोवती मातीचे बांध घातले जातात, तसेच एका इमारतीत एका वेळी किती माल व किती माणसे असावीत याची मर्यादा ठरवलेली असते. संवेदनशील मिश्रणांचे काम ढालीआडून किंवा दूरनियंत्रणाने केले जाते. या व्यवस्थेतही धोका पूर्णतः नाहीसा होत नाही. विदर्भातील भंडारा आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात छत कोसळून कामगार अडकले व किमान आठ जणांचा मृत्यू झाला.

### शिरपूर स्फोट, २०१९

शिरपूर तालुक्यातील वाघाडी गावाजवळील रासायनिक कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी दहाच्या सुमारास स्फोट झाला. त्या वेळी कारखान्यात सुमारे शंभर कामगार होते. किमान १३ जणांचा मृत्यू झाला व ५० हून अधिक जण जखमी झाले. स्फोटाचा आवाज अनेक किलोमीटरवरील गावांत ऐकू गेला.

रासायनिक कारखान्यातील अशा स्फोटात दाबलहर, पत्र्याचे व धातूचे तुकडे, कोसळणारे बांधकाम, आग आणि विषारी धूर हे सर्व एकत्र येतात. कामगारांच्या डोक्यावर साधे औद्योगिक शिरस्त्राण असल्यास तुकडे व पडझडीपासून काही प्रमाणात बचाव होतो. मात्र स्फोट ज्या जागी होतो, तेथील कामगारास कोणतेही शिरस्त्राण वाचवू शकत नाही. त्यामुळे दाबपात्रांची तपासणी, तापमानावर नियंत्रण, साठ्याची मर्यादा व कामगारांची जागा यांवरच सुरक्षितता अवलंबून राहते.

### विहिरींचे सुरुंग

धुळे जिल्ह्याचा बराचसा भाग व जळगाव जिल्ह्याचा काही भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. तापी काठच्या गाळाच्या पट्ट्यात कूपनलिका घेता येते. कठीण खडकाच्या भागात मात्र विहीर खोदताना सुरुंग लावावे लागतात. ट्रॅक्टरवरील कॉम्प्रेसरच्या साहाय्याने खडकात छिद्रे पाडून त्यांत जिलेटीनच्या कांड्या व डेटोनेटर बसवले जातात. स्फोटानंतर फुटलेला दगड यारीने वर काढतात.

विहिरीतील स्फोट बंदिस्त जागेतील स्फोट असतो. चारही बाजूंच्या खडकावरून लहर परावर्तित होते आणि तोंडातून दगडांसह वर येते. एखादा सुरुंग न उडता तसाच राहिला व छिद्र पाडताना किंवा दगड काढताना फुटला, तर तळाशी असलेल्या मजुरास पळण्यास जागा नसते. अशा वेळी शिरस्त्राणाचा उपयोग अत्यल्प असतो. याउलट, वरून निसटणारा दगड, यारीच्या पाळण्यातून पडणारी खडी किंवा काठावर उभ्या असलेल्यांवर उडणाऱ्या कपच्या यांविरुद्ध साधे औद्योगिक शिरस्त्राणही प्राण वाचवू शकते.

## कायदे व नियंत्रण

भारतात स्फोटकांची निर्मिती, साठवण व वाहतूक यांवर १८८४ च्या स्फोटक अधिनियमाचे आणि २००८ च्या स्फोटक नियमांचे नियंत्रण आहे. अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सुरुंग उडवणाऱ्या व्यक्तीकडे त्यासाठीचा परवाना असणे आवश्यक असते. कारखान्यांतील कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी १९४८ च्या कारखाना अधिनियमाने व्यवस्थापनावर टाकली. महाराष्ट्रात या क्षेत्रातील तपासणीचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते.

## स्फोटानंतरची तपासणी

शुद्ध हरपणे, स्फोटाच्या आधीचे वा नंतरचे काही न आठवणे, गोंधळलेली अवस्था किंवा तोल जाणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास मेंदूइजेची शक्यता गृहीत धरली जाते. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, वाढती गुंगी, दोन्ही बाहुल्यांच्या आकारातील फरक आणि नाकाकानातून पाण्यासारखा द्रव येणे ही गंभीर लक्षणे असून अशा रुग्णास तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. खानदेशात धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव व कवटीचे अस्थिभंग दिसतात. सौम्य इजेत मात्र स्कॅन निर्दोष येऊ शकतो. कानाचा पडदा शाबूत असणे हेही मेंदू सुरक्षित असल्याचे लक्षण मानता येत नाही. त्यामुळे रुग्ण स्फोटापासून किती अंतरावर होता, जागा बंदिस्त होती का, डोक्यावर काय होते व शुद्ध हरपली होती का, ही माहिती नोंदवून ठेवणे निदानासाठी महत्त्वाचे ठरते. मेंदू पूर्ववत होण्यापूर्वी दुसरा आघात झाल्यास परिणाम अधिक गंभीर होऊ शकतात. म्हणून लक्षणे असेपर्यंत रुग्णास जोखमीच्या कामापासून दूर ठेवले जाते. रोजंदारीवरील मजुराच्या बाबतीत ही विश्रांती मिळणे हीच मोठी अडचण असते, कारण अंगावर जखम नसल्याने त्याचे आजारपण इतरांना दिसत नाही.

## संरक्षणाचा क्रम

औद्योगिक सुरक्षाशास्त्रात उपायांचा क्रम ठरलेला आहे. प्रथम धोकादायक पदार्थ किंवा प्रक्रिया टाळणे, त्यानंतर कमी धोक्याचा पर्याय वापरणे, मग अंतर, भिंती व दूरनियंत्रण यांद्वारे माणसाला धोक्यापासून वेगळे करणे, त्यापुढे नियम व प्रशिक्षण आणि सर्वांत शेवटी वैयक्तिक संरक्षक साधने, असा हा क्रम आहे. शिरस्त्राण या शेवटच्या पायरीवर येते. हनुवटीचा पट्टा बांधलेले, डोक्यास नीट बसणारे व मानकाप्रमाणे असलेले शिरस्त्राण टाळता येण्याजोग्या अनेक जखमा टाळते. मात्र आधीच्या पायऱ्या वगळल्या असतील, तर त्यांची उणीव ते भरून काढू शकत नाही.

## हेही पाहा

* शेल शॉक
* वरणगाव आयुध निर्माणी
* शिरपूर
* सुरुंग
* दख्खनचे पठार